धातुसंकुले आणि डीएनए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोऑर्डिनेशन केमिस्ट्री, म्हणजे धातुसंकुलांचे रसायनशास्त्र, शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या काळात आणि त्यानंतरही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. विचारणाऱ्यांत बारावीचे आणि एम.एस्सी.चे विद्यार्थी आहेत, रुग्णांचे नातेवाईक आहेत आणि निव्वळ कुतूहल असलेले वाचकही आहेत. उत्तरांच्या मध्यभागी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, येथील निवृत्त प्राध्यापक जॅकलिन बार्टन यांचे संशोधन ठेवले आहे, कारण या विषयातले बहुतेक कळीचे प्रश्न त्यांच्या प्रयोगशाळेत कधी ना कधी विचारले गेले. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डीएनए हा सजीवांचा रेणू. त्याच्याशी धातूचा काय संबंध?

डीएनएच्या दोन्ही पेडांचा कणा फॉस्फेटचा असतो आणि प्रत्येक फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. धातूंचे आयन बहुधा धनभारित असल्यामुळे ते या कण्याकडे आपसूकच ओढले जातात. पेशीतील मॅग्नेशियमचे आयन हेच काम सतत करत असतात. ते नसते तर शेजारी शेजारी बसलेल्या ऋणभारांनी हे दोन पेड एकमेकांपासून दूर लोटले असते. दुसरी गोष्ट अशी की, डीएनएतील ग्वानिन, अ‍ॅडेनिन, सायटोसिन आणि थायमिन या चार क्षारकांत नायट्रोजनचे असे काही अणू आहेत, ज्यांच्यापाशी धातूला देण्याजोगी इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी असते. त्यामुळे धातू डीएनएला चिकटतो यात नवल असे काही नाही. खरा प्रश्न आहे तो कोणत्या जागी, कसा आणि किती काळ चिकटतो हा. पुढची बहुतेक उत्तरे त्या 'कोणत्या जागी'भोवतीच फिरतात.

२. धातुसंकुल म्हणजे नेमके काय? नुसता धातू का वापरत नाहीत?

मध्ये धातूचा आयन आणि त्याच्याभोवती ठरावीक दिशांनी बसलेले रेणू किंवा आयन, अशा रचनेला धातुसंकुल म्हणतात. भोवती बसलेल्यांना लिगँड म्हणतात. नुसता आयन पाण्यात सोडला तर तो मिळेल त्याला चिकटतो. लिगँड निवडून बसवले की संकुलाचा आकार, भार, रंग आणि ते किती सहज मोडेल हे सारे आपल्या हाती येते. कार्बनच्या संयुगांत चार बंधांची मांडणी बहुधा चतुष्फलकी असते. धातूभोवती मात्र चौरस, अष्टफलकी अशा मांडण्या सहज मिळतात. डीएनएच्या वळणदार अंगात नेमका बसेल असा आकार घडवताना ही मोकळीक फार उपयोगी पडते.

३. प्रा. बार्टन कोण आहेत?

त्यांचा जन्म १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. बर्नार्ड कॉलेजातून पदवी घेतल्यावर कोलंबिया विद्यापीठात स्टीफन लिपार्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. हंटर कॉलेज आणि कोलंबिया येथे अध्यापन करून १९८९ मध्ये त्या कॅलटेकमध्ये गेल्या. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक आणि २०१५ चे प्रीस्टली पदक त्यांना मिळाले आहे. गुरू लिपार्ड हे प्लॅटिनमचे जाणकार. शिष्येने मात्र डीएनएशी रासायनिक बंध करणारा धातू बाजूला ठेवला आणि बंध न करता, केवळ आकाराच्या जोरावर डीएनए ओळखणारी रुथेनियम आणि ऱ्होडियम यांची संकुले हाती घेतली. या दोन वाटांतला फरक ध्यानात आला की पुढचे समजायला सोपे जाते.

४. सिसप्लॅटिन या कर्करोगावरील प्लॅटिनमच्या औषधाचा शोध अपघाताने लागला, हे खरे का?

खरे आहे, पण त्या अपघाताची चिकाटीने चौकशी झाली हेही तितकेच खरे आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जीवाणूंवर विद्युतक्षेत्राचा काय परिणाम होतो ते पाहत होते. द्रवात बुडवलेले इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते, कारण प्लॅटिनमची कशाशी अभिक्रिया होत नाही असा सर्वांचा समज होता. वीज सुरू केल्यावर ई. कोलाय जीवाणूंचे विभाजन थांबले, पण वाढ थांबली नाही. ते नेहमीच्या लांबीच्या सुमारे ३०० पट लांब, शेवयांसारखे वाढत गेले. हा प्रताप विजेचा नव्हता. इलेक्ट्रोडमधून किंचित विरघळलेले प्लॅटिनम द्रवातील अमोनिया आणि क्लोराइड यांच्याशी जोडले जाऊन तयार झालेल्या संयुगांचा तो परिणाम होता. हे निरीक्षण १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले, १९६९ मध्ये उंदरांच्या गाठींवरील परिणाम प्रसिद्ध झाला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. गंमत अशी की हे संयुग मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीतच तयार केले होते आणि आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये त्याची रचना चौरस असल्याचे मांडले होते. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ ते बाटलीत पडून होते.

५. सिसप्लॅटिन चालते आणि ट्रान्सप्लॅटिन चालत नाही, असे का? दोन्हींत अणू तर तेच आहेत.

दोन्हींत प्लॅटिनमभोवती दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड असतात. सिस प्रकारात दोन्ही क्लोराइड शेजारी असतात, ट्रान्स प्रकारात समोरासमोर. रक्तात क्लोराइडचे प्रमाण भरपूर असल्यामुळे तेथे औषध जसेच्या तसे टिकते. पेशीच्या आत क्लोराइड बरेच कमी असते, म्हणून तेथे संकुलावरील क्लोराइड सुटतो आणि त्याच्या जागी पाणी येते. पाणी ही हलकी पकड. ती सोडवून ग्वानिनचा सातव्या क्रमांकाचा नायट्रोजन प्लॅटिनमला धरतो. सिस प्रकारात दुसरी मोकळी जागा शेजारीच असल्यामुळे त्याच पेडावरचा लगतचा ग्वानिनही पकडला जातो आणि डीएनएला त्या जागी बाक येतो. लिपार्ड यांच्या गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्फटिकरचनेत हा बाक सुमारे ३५ ते ४० अंशांचा दिसला. पेशीतील काही प्रथिने हा बाक ओळखतात, पुढचे काम अडते आणि पेशी मरणाच्या मार्गाला लागते. ट्रान्स प्रकाराला शेजारचे दोन ग्वानिन असे एकत्र धरताच येत नाहीत.

क्लोराइडचा हा हिशेब रुग्णालयातही पाळला जातो. सिसप्लॅटिन सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात मिसळून देतात, कारण त्यातील क्लोराइडमुळे औषध पिशवीतच मोडत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा भाग असलेली सुई किंवा संच त्यासाठी वापरत नाहीत, कारण अ‍ॅल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन प्लॅटिनम खाली बसते.

६. इंटरकॅलेशन हा शब्द सारखा वाचनात येतो. त्याचा साध्या भाषेत अर्थ काय?

डीएनएतील क्षारकांच्या जोड्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. दोन जोड्यांमधले अंतर ०.३४ नॅनोमीटर असते. एखादा सपाट, अनेक वलयांचा रेणू दोन भाकऱ्यांमध्ये तिसरी सरकवावी तसा या चवडीत शिरतो, तेव्हा त्याला इंटरकॅलेशन म्हणतात. १९६१ मध्ये लिओनार्ड लर्मन यांनी ही कल्पना मांडली. तसे झाले की त्या ठिकाणचे अंतर दुप्पट होते, साखळी लांबते आणि तिचा पीळ थोडा सैल होतो. या तीनही खुणा मोजता येतात आणि प्रश्न १४ मध्ये त्यांचाच आधार घेतला आहे.

धातुसंकुलाच्या बाबतीत धातू स्वतः चवडीत शिरत नाही. त्याचा एक सपाट लिगँड आत जातो, धातू आणि बाकीचे लिगँड बाहेर, डीएनएच्या दोन पेडांमधल्या खाचेत राहतात. प्लॅटिनमची अशी संकुले लिपार्ड यांच्या गटाने १९७४ च्या सुमारास दाखवली. बार्टन यांची कारकीर्द याच मुशीतून पुढे आली.

७. डावे-उजवे संकुल ही काय भानगड आहे?

तीन सपाट लिगँड असलेले अष्टफलकी संकुल तीन पात्यांच्या पंख्यासारखे दिसते. पाती उजवीकडे वळलेली किंवा डावीकडे वळलेली असू शकतात, आणि हे दोन प्रकार दक्षिणावर्ती व वामावर्ती शंखांसारखे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असतात; कितीही फिरवले तरी एकावर एक बसत नाहीत. त्यांना डेल्टा आणि लॅम्डा म्हणतात. नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा असतो. त्यामुळे बार्टन यांनी १९८०च्या दशकात असा विचार मांडला की उजवे संकुल त्यात अधिक चांगले बसेल, आणि प्रयोगांत तशी निवड दिसलीही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. फिनँथ्रोलिन नावाचे तीन सपाट लिगँड असलेले रुथेनियमचे साधे संकुल खरोखर चवडीत शिरते का, यावर पुढे मोठा वाद झाला. १९९२ मध्ये चेअर्स आणि सहकाऱ्यांनी द्रावणाची श्यानता, म्हणजे वाहतानाचा दाटपणा, मोजून दाखवले की या संकुलाचा डावा किंवा उजवा, कोणताच प्रकार रूढ अर्थाने इंटरकॅलेट होत नाही. अजूनही अनेक पाठ्यटिपणांत हे संकुल इंटरकॅलेटरचे उदाहरण म्हणून दिलेले आढळते. तसे लिहिण्याआधी हा वाद वाचून घ्यावा.

८. अंधारात चमकणारे 'प्रकाश-बटण' म्हणजे काय?

१९९० मध्ये बार्टन, टुरो, सोवाज आणि सहकाऱ्यांनी रुथेनियमच्या एका संकुलाचे वर्णन केले. त्यात बायपिरिडिन नावाचे दोन छोटे लिगँड आणि एक लांब, सपाट लिगँड असतो; त्या तिसऱ्याला डीपीपीझेड म्हणतात. (हे सोवाज म्हणजे रेण्वीय यंत्रांसाठी २०१६ चे नोबेल मिळालेले तेच झाँ-पिएर सोवाज.) हे संकुल पाण्यात असताना निळा प्रकाश टाकला तरी जवळजवळ काहीच उजेड देत नाही. डीएनए मिसळला की तेच द्रावण नारिंगी-तांबड्या रंगाने प्रकाशते आणि ही वाढ दहा हजार पटींहून अधिक असते.

कारण साधे पण सुंदर आहे. डीपीपीझेडच्या टोकाकडे दोन नायट्रोजन असतात. पाण्याचे रेणू त्यांच्याशी हायड्रोजन बंध करतात आणि शोषलेली ऊर्जा प्रकाश न होता उष्णतेच्या रूपाने निघून जाते. लिगँड चवडीत शिरला की ते नायट्रोजन पाण्यापासून झाकले जातात आणि ऊर्जेला प्रकाश होऊन बाहेर पडण्याची वाट मोकळी होते.

मी हा प्रयोग पहिल्यांदा पाहिला तो पडदे ओढलेल्या खोलीत, हातातल्या दिव्याच्या उजेडात. परीक्षानळीत फिकट नारिंगी पाणी होते. वरून डीएनएचे दोन थेंब सोडले. ते लगेच मिसळले नाहीत. दाट असल्यामुळे तारेसारखे खाली उतरत गेले आणि जेथे जेथे ती तार गेली तेवढीच रेघ पेटलेली दिसली. नळी हलवल्यावर सगळे द्रावण उजळले. वर्गात तासभर बोलून जे पोहोचत नाही ते त्या एका रेघेने पोहोचले.

संकुल डीएनएच्या कोणत्या खाचेतून आत शिरते, यावर मात्र बराच काळ मतभेद होता. बार्टन यांच्या गटाचा कल मोठ्या खाचेकडे होता, तर स्वीडनमधील नॉर्डेन यांच्या गटासह इतरांचा छोट्या खाचेकडे. २०१२ मध्ये ब्रिटनमधील क्रिस्टीन कार्डिन यांच्या आणि खुद्द बार्टन यांच्या गटाच्या स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत संकुल छोट्या खाचेतून शिरलेले दिसले. स्वतःच्या आधीच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा स्वतःच छापणे, हे मला त्यांच्या कितीतरी पुरस्कारांपेक्षा मोठे वाटते.

९. डीएनएतील चुकीची जोडी धातुसंकुल कशी शोधते?

ग्वानिनसमोर सायटोसिन आणि अ‍ॅडेनिनसमोर थायमिन ही योग्य जोडी. नक्कल होताना कधी कधी सायटोसिनसमोर सायटोसिन किंवा अ‍ॅडेनिन अशी विजोड जोडी बसते. अशी जोडी नीट धरलेली नसते, ती डगमगते. बार्टन यांच्या गटाने ऱ्होडियमचे असे संकुल घडवले की त्याचा क्रायसी नावाचा लिगँड साध्या चवडीत मावणार नाही इतका रुंद आहे. योग्य जोड्यांत त्याला शिरकाव नाही. डगमगणारी जोडी सापडली की तो छोट्या खाचेतून आत घुसतो, त्या दोन क्षारकांना चवडीबाहेर ढकलतो आणि त्यांची जागा स्वतः घेतो. २००७ च्या स्फटिकरचनेत हे अगदी डोळ्यांना दिसले. म्हणजे साधा इंटरकॅलेटर एसटीच्या बाकावर दोघांत दाटीने बसणारा तिसरा प्रवासी, तर हे संकुल नीट न बसलेल्यांना उठवून बसणारे. प्रकाश टाकल्यावर ते त्याच जागी डीएनए तोडत असल्यामुळे जागा नेमकी मोजता येते. सुमारे २,७०० जोड्यांच्या डीएनएत असलेली एकच विजोड जोडी त्याने शोधून दाखवली.

अपवाद महत्त्वाचा आहे. हे संकुल विजोडपणा ओळखत नाही, अस्थिरपणा ओळखते. त्यामुळे सुमारे ८० टक्के विजोड जोड्या सापडतात, पण ग्वानिनसमोर ग्वानिन अशा तुलनेने घट्ट बसलेल्या जोड्या निसटतात.

१०. याचा कर्करोगाशी संबंध आहे का?

आहे. विजोड जोड्या दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेल्या पेशींत अशा जोड्या साचत जातात. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक स्थितीत एमएलएच१, एमएसएच२ यांसारख्या जनुकांत दोष असतो आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा पेशींवर सिसप्लॅटिनचा प्रभाव अनेकदा कमी पडतो. ऱ्होडियमची ही संकुले याच्या उलट, दुरुस्ती बिघडलेल्या पेशींना अधिक मारतात असे प्रयोगशाळेतील पेशींवर दिसले. 'प्रयोगशाळेतील पेशींवर' हे शब्द कृपया गाळू नयेत. पुढे प्रश्न १२ पाहावा.

११. डीएनएतून खरेच वीज वाहते का?

तांब्याच्या तारेसारखी नाही. परंतु चवडीतील क्षारकांचे इलेक्ट्रॉन एकमेकांवर आलेले असल्यामुळे विद्युतभार चवडीतून दूरपर्यंत जाऊ शकतो. १९९३ मध्ये बार्टन यांच्या गटाने १५ जोड्यांच्या डीएनएच्या एका टोकाला रुथेनियमचे आणि दुसऱ्या टोकाला ऱ्होडियमचे संकुल जोडले. सुमारे ४ नॅनोमीटर अंतरावरूनही रुथेनियमचा प्रकाश विझला, म्हणजे इलेक्ट्रॉन पलीकडे गेला असा त्यांनी निष्कर्ष काढला. यावर खूप टीका झाली. भार एका उडीत जातो की ग्वानिनवर थांबत थांबत जातो, दोन्ही संकुले एकत्र गोळा होत नाहीत कशावरून, असे रास्त प्रश्न विचारले गेले. युरोप-अमेरिकेतील अनेक गटांनी वेगवेगळ्या रेणूंनी प्रयोग केले. आज दूरवर भार जातो हे सर्वमान्य आहे. लांब अंतरावर तो टप्प्याटप्प्याने जातो असेही बहुतेक मानतात. २०११ मध्ये १०० जोड्यांच्या, म्हणजे ३४ नॅनोमीटर लांबीच्या डीएनएतून प्रवाह मोजला गेला.

यातला मला सर्वांत पटणारा पुरावा निराळाच आहे. वाटेत एकच विजोड जोडी घातली की प्रवाह खाली येतो, म्हणजे चवडीतली एक भाकरी सरकली तरी फरक पडतो. याच गुणावर सोन्याच्या पृष्ठभागावर डीएनए बांधून दोष ओळखण्याचे तंत्र उभे राहिले. त्यासाठी स्थापन झालेली जीनओम ही कंपनी २००६ मध्ये बेक्टन डिकिन्सनने विकत घेतली.

पेशी स्वतः हा गुण वापरते का, हा वेगळा प्रश्न आहे. दुरुस्ती करणाऱ्या काही प्रथिनांत लोह आणि गंधक यांचा घनाकृती गुच्छ असतो. ही प्रथिने डीएनएतून इलेक्ट्रॉन पाठवून एकमेकांना इशारे देत असावीत, असे बार्टन यांचे प्रतिपादन आहे. २०१७ मध्ये प्रायमेज या, डीएनएच्या नकलेची सुरुवात करून देणाऱ्या प्रथिनाबाबत असाच दावा प्रसिद्ध झाला तेव्हा रचनाशास्त्रज्ञांनी त्यावर लेखी आक्षेप घेतले. नळीतला भारप्रवास सिद्ध आहे, पेशीतील त्याचा उपयोग हा वादाचा विषय आहे. दोन्ही एका वाक्यात मिसळू नयेत.

१२. रुथेनियम किंवा ऱ्होडियमचे कर्करोगावरील औषध बाजारात मिळते का?

प्रा. बार्टन यांच्या संकुलांपैकी कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही. रुथेनियमच्या नामी-ए आणि केपी १०१९ या संकुलांच्या मानवी चाचण्या झाल्या, पण औषध म्हणून ती आली नाहीत. प्रकाशाने जागे होणारे टीएलडी-१४३३ हे रुथेनियमचे संकुल मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मानवी चाचण्यांत गेले. रुग्णालयात आज रोज वापरली जाणारी मंडळी प्लॅटिनमचीच आहेत: सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन. 'रुथेनियमयुक्त' म्हणून कोणी कॅप्सूल विकत असेल तर ती घेऊ नये.

१३. वडिलांना सिसप्लॅटिन सुरू आहे. हे डीएनए बिघडवत असेल तर चांगल्या पेशींचे काय?

चांगल्या पेशींतही ते जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. वेगाने विभागणाऱ्या आणि डीएनएची दुरुस्ती नीट न करू शकणाऱ्या पेशींना ते अधिक जाचते, एवढाच भेद आहे. मूत्रपिंड, कानाच्या आतील केसपेशी आणि नसा यांना त्याचा त्रास होऊ शकतो. मळमळ तर ठाऊकच आहे. म्हणून औषधाच्या आधी आणि नंतर शिरेतून भरपूर सलाइन देतात, मूत्रपिंडासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात आणि ऐकू येण्यात फरक जाणवतो का ते विचारतात. कानात गुणगुण सुरू झाली तर 'वयामुळे असेल' म्हणून गप्प न बसता ती डॉक्टरांना सांगावी.

मात्रेचा प्रश्न आपल्याकडचा आहे म्हणून सांगतो. तंबाखूमुळे आपल्या देशात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. त्यांना किरणोपचारासोबत सिसप्लॅटिन देतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ३०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दर आठवड्याला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम आणि दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम अशी तुलना केली गेली. दोन वर्षांनी रोग त्या भागात आटोक्यात असण्याचे प्रमाण अनुक्रमे ५८.५ आणि ७३.१ टक्के होते. तीन आठवड्यांच्या गटात त्रास मात्र जास्त झाला. तुमच्या वडिलांसाठी काय योग्य हे त्यांचे मूत्रपिंड, वय आणि ताकद पाहून त्यांचे डॉक्टरच ठरवू शकतात.

१४. माझे नवे संकुल डीएनएशी जोडले जाते, हे एम.एस्सी.च्या प्रकल्पात कसे सिद्ध करू?

एका प्रयोगाने नाही, एवढे आधी लिहून ठेवा. आपल्या विद्यापीठांतील नेहमीची वाट अशी आहे: वासराच्या थायमस ग्रंथीतील डीएनएचे पांढरे धागे ट्रिस बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात टाकून रात्रभर थंड जागी ठेवायचे. सकाळी ते एकतारी पाकासारखे झालेले असतात. २६० आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर १.८ ते १.९ आले तर त्यात प्रथिने फारशी नाहीत. तीव्रता २६० नॅनोमीटरवरून, प्रतिन्यूक्लिओटाइड (साखळीतील एकेका क्षारकामागे) ६,६०० हा शोषणाचा गुणांक धरून काढतात. मग संकुलाच्या द्रावणात डीएनए थोडा थोडा वाढवत शोषण मोजतात. शोषण घटले आणि शिखर लांब तरंगलांबीकडे सरकले तर इंटरकॅलेशनची शक्यता आहे.

शक्यता म्हणालो, कारण खाचेत नुसते टेकलेले संकुलही काही वेळा असाच फरक दाखवते. त्याला जोडून श्यानता मोजावी: चवडीत काही शिरले की साखळी लांबते आणि द्रावण अधिक दाट वाहते (प्रश्न ६). हा प्रयोग स्वस्त आहे, बोळक्याएवढे साधन आणि स्थिर तापमानाची टाकी पुरते, तरी विद्यार्थी तो टाळतात, कारण कंटाळवाणा आहे. मला विचाराल तर पन्नास फ्लुरोसन्स आलेखांपेक्षा श्यानतेची एक सरळ रेघ जास्त बोलते. इथिडियम ब्रोमाइडला, म्हणजे डीएनएत शिरून चमकणाऱ्या रंगद्रव्याला, हुसकावण्याचा प्रयोग उपयोगी आहे, पण संकुल स्वतःच इथिडियमचा प्रकाश विझवत नाही ना, हे आधी तपासावे.

आणखी एक, माझ्याच अंगावर आलेले. डीएनए वाढवत नेताना द्रावणाचे आकारमानही वाढते, म्हणजे संकुल पातळ होते. ही दुरुस्ती न केल्यामुळे माझ्या पहिल्या प्रकल्पातील शोषणाची सुरेख घट निम्म्याहून अधिक नुसत्या पाण्याची निघाली. मार्गदर्शकांनी काहीही न बोलता डीएनएऐवजी नुसता बफर घालून तोच प्रयोग पुन्हा करायला सांगितला.

१५. बंधनस्थिरांक (डीएनएला किती घट्ट चिकटते याचे माप) मोठा आला म्हणजे संकुल चांगले का?

नाही. घट्ट पण कोठेही चिकटणारे संकुल जवळपास निरुपयोगी असते. जास्त धनभार दिला की स्थिरांक आपोआप वाढतो, आणि बफरमधील मिठाचे प्रमाण बदलले तरीही बदलतो. म्हणून दोन निबंधांतील आकड्यांची तुलना करण्याआधी मिठाचे प्रमाण पाहावे.

१६. संकुल पाण्यात विरघळत नाही म्हणून डीएमएसओ हे गंधकयुक्त द्रावक वापरले. चालेल ना?

संकुल कोणते यावर अवलंबून आहे. सिसप्लॅटिन डीएमएसओत विरघळवले तर डीएमएसओचा गंधक क्लोराइडची जागा घेतो आणि तुम्ही जे मोजता ते सिसप्लॅटिन उरतच नाही. त्याची पेशी मारण्याची ताकदही जाते. तरीही अशी मोजमापे 'तुलनेसाठी प्रमाण औषध' म्हणून छापली जातात आणि आपले संकुल सिसप्लॅटिनपेक्षा सरस ठरते! धातूला दोन जागांनी धरणारे तीन लिगँड असलेली रुथेनियमची संकुले सहसा अशी मोडत नाहीत. तांब्याच्या संकुलांबाबत दुसरी काळजी घ्यावी: बफरमध्ये ती सुटी होऊन नुसता लिगँडच काम करत असू शकतो. म्हणून नुसता लिगँड आणि धातूचे नुसते क्षार असे दोन नियंत्रण-प्रयोग हवेतच, आणि संकुल बफरमध्ये २४ तास तसेच टिकते याचा वर्णपटही जोडावा.

१७. प्लॅटिनमची अंगठी किंवा तांब्याच्या भांड्यातील पाणी यांचा डीएनएवर परिणाम होतो का?

अंगठीतील प्लॅटिनम हा नुसता धातू आहे, त्यावर भार नाही आणि सुटणारे लिगँड नाहीत. त्वचेतून तो जात नाही. प्रश्न ४ मधील इलेक्ट्रोड विरघळले ते विजेमुळे आणि क्लोराइड व अमोनियाच्या द्रावणात; बोटात तशी परिस्थिती नसते. तांब्याच्या भांड्यातून पाण्यात थोडे तांबे उतरते हे खरे, परंतु शरीर तांब्याचा आयन क्वचितच मोकळा सोडते, प्रथिने त्याला धरून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. लिंबूपाणी, ताक असे आंबट पदार्थ मात्र तांब्याच्या भांड्यात ठेवू नयेत; कल्हईची पद्धत आपल्याकडे त्यासाठीच होती. प्रयोगशाळेत डीएनए तोडणारे तांबे-फिनँथ्रोलिन संकुल ही निराळी वस्तू आहे, ते पाण्याच्या घड्यात तयार होत नाही.

१८. डीएनएला हात न लावताही धातूचे संयुग औषध ठरू शकते का?

ठरू शकते, आणि विद्यार्थी येथेच सर्वाधिक गोंधळतात. संधिवातासाठी वापरले जाणारे सोन्याचे ऑरानोफिन मुख्यतः थायोरेडॉक्सिन रिडक्टेज या विकराला अडवते; गंधकाशी सोन्याची दोस्ती जुनी आहे. याउलट ब्लिओमायसिन या औषधाच्या बाटलीत धातू नसतोच, पण शरीरात ते लोह पकडते आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने डीएनए तोडते. वृषणाच्या कर्करोगात ते सिसप्लॅटिनच्या जोडीने दिले जाते, म्हणजे एकाच उपचारात एक धातू बाहेरून येतो आणि दुसरा रुग्णाच्या शरीरातलाच असतो. म्हणून 'संकुल पेशी मारते' आणि 'संकुल डीएनएशी जोडले जाते' असे दोन निष्कर्ष आले तरी पहिल्याचे कारण दुसरे आहे असे प्रबंधात लिहू नये. त्यासाठी पेशीच्या केंद्रकातील डीएनए वेगळा काढून त्यावर किती धातू आहे ते मोजावे लागते, आणि ते मोजले नसेल तर दोन्ही वाक्ये स्वतंत्र परिच्छेदांत ठेवावीत.